साथीच्या काळातील मंडळी

मराठी ख्रिस्ती माणसे आपल्या उपासक समाजाला ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक शब्दासाठी योजला जातो, तो ‘एक्लेसिया’ हा शब्दही मुळात वास्तूचा वाचक नाही. बोलावून एकत्र आणलेली सभा, असा त्याचा अर्थ आहे. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या दोन-तीन शतकांत उपासनेसाठी बांधलेली स्वतंत्र मंदिरे जवळजवळ नव्हतीच. माणसे कोणाच्या तरी घरी जमत, शास्त्रवाचन ऐकत, एकमेकांना शांतीचे अभिवादन करत आणि एकाच भाकरीचे तुकडे वाटून घेत. कोणी आजारी पडला तर मंडळीतील वडीलधारे त्याच्या घरी जाऊन त्याला तेल लावत व प्रार्थना करत. या श्रद्धेचे बहुतेक सारे आचार असे सान्निध्यावर उभारलेले आहेत.

संसर्गजन्य साथ नेमका या सान्निध्यावरच घाला घालते. जो शेजारी काल आधार होता, तोच आज भयाचे कारण होतो. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, प्रेताला खांदा देणे, एका सुरात गाणे, या एरवी पुण्यप्रद मानल्या जाणाऱ्या गोष्टी प्राणघातक ठरू शकतात. म्हणून साथीच्या काळात ख्रिस्ती समाजापुढे तीन प्रश्न पुनःपुन्हा उभे राहिलेले दिसतात. आजाऱ्याजवळ कोणी जावे? एकत्र जमणेच घातक असेल तर उपासना कशी करावी? आणि मृताला शेवटचा निरोप कोणी द्यावा? या प्रश्नांना निरनिराळ्या काळांत कोणती उत्तरे दिली गेली, हे प्रस्तुत प्रकरणात आपण पाहणार आहोत. ही उत्तरे सर्वच ठिकाणी सारखी नव्हती आणि सगळीच स्पृहणीय होती असेही नाही. तथापि संकटकाळी श्रद्धा माणसाला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, हे समजून घेण्यास त्यांचा उपयोग होतो.

आजाऱ्याजवळ कोणी जावे?

इ. स. २५० च्या सुमारास रोमन साम्राज्यात एक भयंकर साथ पसरली आणि ती अधूनमधून दहा-बारा वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिली. हा रोग नेमका कोणता होता, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. कार्थेज नगराचा बिशप सिप्रियन याने त्याच्या लक्षणांचे वर्णन करून ठेवले असल्यामुळे इतिहासात ती ‘सिप्रियनची साथ’ म्हणून ओळखली जाते. त्याच सुमारास सम्राट डेशियस याच्या आज्ञेने ख्रिस्ती लोकांचा छळ झालेला होता. छळाच्या जखमा भरून आल्या नव्हत्या, तोच साथीने गाठले.

सिप्रियनच्या अनुयायांना रोगापेक्षाही एका शंकेने अधिक ग्रासले होते. देवावर श्रद्धा ठेवणारे आम्ही, मग इतरांप्रमाणे आम्हीही का मरतो? या शंकेला सिप्रियनने आपल्या एका छोट्या ग्रंथात जे उत्तर दिले, ते लक्षात घेण्याजोगे आहे. श्रद्धा म्हणजे रोगापासून मिळणारे अभय नव्हे, असे त्याने स्पष्ट सांगितले. देह सर्वांचा सारखाच आहे. दुष्काळ, युद्ध आणि रोग यांत श्रद्धावंत व श्रद्धाहीन असा भेद होत नाही. साथीमुळे पारख होते ती आचरणाची. धडधाकट माणूस आजाऱ्याची शुश्रूषा करतो की नाही, नातलग एकमेकांवर खरी माया करतात की नाही, वैद्य रोग्याला टाकून पळतो की नाही, हे अशा वेळी दिसून येते. सिप्रियनच्या चरित्रकाराच्या म्हणण्यानुसार, केवळ आपल्या लोकांपुरती ही सेवा मर्यादित ठेवू नये, असाही त्याचा आग्रह होता.

इजिप्तमधील आलेक्झांड्रिया नगरीचा बिशप डायोनिसियस याने ईस्टरच्या निमित्ताने लिहिलेल्या पत्रात या साथीचे चित्र रेखाटले आहे. इतिहासकार युसेबियस याने ते आपल्या ग्रंथात उतरून घेतल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले. शहरात घरोघरी आक्रोश चालला असता ख्रिस्ती लोकांनी आजाऱ्यांना सोडले नाही, त्यांची सेवा करता करता कित्येकांनी प्राण गमावले, मृतांचे डोळे मिटवले, त्यांना स्नान घालून दफन केले, असे तो सांगतो. इतर लोकांनी मात्र रोग्यांना रस्त्यावर लोटून दिले, असेही तो म्हणतो. एका बिशपाने आपल्याच लोकांविषयी लिहिलेले हे पत्र असल्यामुळे त्यातील तुलना जशीच्या तशी स्वीकारणे योग्य होणार नाही. परंतु सुमारे शंभर वर्षांनंतर, ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक असलेल्या सम्राट ज्युलियनने आपल्या एका धर्माधिकाऱ्याला लिहिताना तक्रार केली की, हे लोक स्वतःच्याच नव्हे तर आपल्याही गोरगरिबांना पोसतात. प्रतिपक्षाची ही कबुली महत्त्वाची आहे.

ज्या काळी औषध असे काहीच नव्हते, त्या काळी या सेवेचा उपयोग तरी काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तापाने ग्लानी आलेल्या माणसाला वेळेवर पाणी पाजणे, पेज भरवणे, अंग पुसणे व त्याला उबेत ठेवणे एवढ्याने पुष्कळदा जीव वाचतो. कारण साथीत कित्येक माणसे रोगाइतकीच तहानेने व उपेक्षेने मरतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा तर्क मांडला की, या साध्या शुश्रूषेमुळे ख्रिस्ती समाजातील मृत्यूचे प्रमाण कमी राहिले असावे आणि वाचलेल्या माणसांनी आपल्याला वाचवणाऱ्या समाजाशी नाते जोडले असावे. त्यांचे आकडे सर्वच इतिहासकारांना मान्य नाहीत. परंतु श्रद्धेचा प्रसार प्रवचनांपेक्षा पाण्याच्या भांड्याने अधिक झाला असावा, हा विचार मननीय आहे.

सेवेलाही पुढे संस्थेचे रूप आले. आलेक्झांड्रियात ‘पॅराबालानी’ नावाचा आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांचा संघ होता. मात्र हे लोक नगरातील दंगलींतही पुढे असत, म्हणून इ. स. ४१६ मध्ये कायद्याने त्यांची संख्या पाचशेवर आणावी लागली. दोन वर्षांनी ती सहाशे करण्यात आली. संकटात जोडली जाणारी माणसे संकटाबाहेर कशी वागतील, याची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे यावरून दिसते.

याहून काळीकुट्ट बाजू चौदाव्या शतकात दिसली. १३४७ नंतर युरोपात पसरलेल्या महामारीच्या वेळी भयभीत ख्रिस्ती जनतेने ज्यूंवर विहिरीत विष कालवल्याचा आरोप केला. पोप क्लेमंट सहावे यांनी १३४८ मध्ये हा आरोप निराधार असल्याचे आज्ञापत्राद्वारे जाहीर केले. ज्यूदेखील याच रोगाने मरत आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे शेकडो ज्यू स्त्री-पुरुषांना जाळून मारण्यात आले. भयाने एकवटलेला समाज आणि मायेने एकवटलेला समाज हे बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतील फरक कळतो तो त्यांच्या हद्दीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला मिळणाऱ्या वागणुकीवरून.

जाणे की राहणे, हा प्रश्न अधिक काटेकोरपणे सोडवण्याचा प्रयत्न जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी केला. १५२७ मध्ये विटेनबर्ग येथे प्लेग आला तेव्हा तेथील विद्यापीठ दुसऱ्या गावी हलवण्यात आले. ल्यूथर मात्र राहिले. प्लेगपासून पळून जाणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय, असे ब्रेस्लाउ येथील धर्मगुरूंनी विचारले असता त्यांनी एक प्रदीर्घ खुले पत्र लिहिले. ज्यांच्यावर दुसऱ्याचा भार आहे, म्हणजे धर्मगुरू, नगराधिकारी, वैद्य, आईबाप, मालक आणि नोकर, त्यांनी आपली पर्यायी व्यवस्था झाल्याखेरीज जाऊ नये. इतरांनी जाण्यात पाप नाही, असा त्यांचा निर्णय होता. त्याचबरोबर औषध घ्यावे, घर शुद्ध करावे, जेथे आपली गरज नाही तेथे विनाकारण जाऊ नये, असेही त्यांनी बजावले. खबरदारी न घेता श्रद्धेच्या नावाखाली रोगाला सामोरे जाणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय, आणि आपल्या बेफिकिरीने दुसऱ्याला रोग लागून तो मेला तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते, असे त्यांचे मत होते. सेवा आणि सावधगिरी ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत, हा विचार येथे स्वच्छपणे मांडला गेला.

एकत्र न जमता एकत्र

दुसऱ्या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर इटलीतील मिलान शहराने दिले. १५७६ मध्ये तेथे प्लेग उद्भवला. शहराचा स्पॅनिश राज्यपाल व अनेक धनिक शहर सोडून गेले. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ मागे राहिले. त्यांनी आपल्या वाड्यातील पडदे व गालिचे कापून उघड्यावर पडलेल्या गरिबांसाठी कपडे शिवून घेतले. आरंभी त्यांनी अनवाणी पायांनी प्रायश्चित्ताच्या मोठ्या मिरवणुका काढल्या. आरोग्याची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या धोक्याच्या वाटत होत्या, आणि आजच्या ज्ञानानुसार त्यांची भीती रास्तच होती. पण पुढे नागरिकांना घरातच राहण्याचा हुकूम झाला तेव्हा बोरोमिओंनी तो मानला आणि चर्चच रस्त्यावर आणले. चौकाचौकांत वेदी उभारून तेथे मिस्सा अर्पण करण्यात येऊ लागला, म्हणजे घरात कोंडलेल्या माणसांना तो खिडकीतून वा दारातून पाहता यावा. दिवसरात्रीत सात वेळा घंटा वाजे. घंटा झाली की रस्त्यावरून धर्मगुरू प्रार्थनेची ओळ म्हणत आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक तिला प्रतिसाद देत. सुमारे सतरा हजार माणसे या साथीत मरण पावली. मात्र जी जिवंत होती त्यांना दिवसातून सात वेळा शेजारच्या घरातील आवाज ऐकू येई, आणि तो शेजारी अद्याप जिवंत असल्याचे कळे.

नव्वद वर्षांनंतर इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील ईम या खेड्याने आणखी कठीण मार्ग पत्करला. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून तेथे प्लेग शिरल्याचे सांगतात. जून १६६६ मध्ये गावचा तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि धर्ममतांच्या वादामुळे पूर्वी पदच्युत झालेला थॉमस स्टॅन्ली, हे दोघे आपले मतभेद बाजूला ठेवून एकत्र आले. त्यांनी गावकऱ्यांसमोर तीन गोष्टी ठेवल्या. चर्च बंद करून उपासना उघड्या दरीत व्हावी आणि प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्यापासून अंतर राखून उभे राहावे. मृतांना चर्चच्या आवारात न आणता ज्याने त्याने आपल्या शेतात वा परसात पुरावे. आणि रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून कोणीही शिवेबाहेर पाऊल टाकू नये. शेजारच्या जहागिरीचे मालक डेव्हनशायरचे अर्ल यांनी धान्य पुरवण्याचे मान्य केले. शिवेवरच्या दगडांतील खळग्यांत शिर्का घालून त्यात नाणी ठेवली जात, आणि बाहेरची माणसे ती उचलून तेथे अन्न ठेवून जात.

सुमारे २६० माणसे मेली. ऑगस्ट १६६६ मध्ये मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन हीदेखील गेली. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे त्या काळी ठाऊक नव्हते. त्यामुळे गावातच राहण्याने गावकऱ्यांची हानी कदाचित वाढलीही असेल. या प्रसंगाला पुढे दंतकथेचे रूप देण्यात आले, अशी टीकाही काही अभ्यासकांनी केली आहे. तरी एवढे खरे की, उपासनेचे स्थळ, दफनाची रीत आणि हिंडण्याचे स्वातंत्र्य या तीन प्रिय गोष्टी त्या गावाने सोडून दिल्या, आणि ज्यांच्यासाठी सोडल्या ती माणसे त्यांच्या गावची नव्हती.

आपल्या देशातील याचे उदाहरण मुंबईत आजही रस्त्यावर उभे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्याने प्लेगचे निदान केले. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांविषयीचा कायदा झाला. घरझडत्या, विलगीकरण छावण्या आणि सक्तीची रुग्णालये सुरू झाली. लोकांना रोगाइतकीच धास्ती या रुग्णालयांची वाटे, कारण तेथे नेलेला माणूस आपल्या माणसांपासून तुटून एकटा मरेल अशी त्यांची समजूत होती. अशा वेळी वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील ईस्ट इंडियन व गोमंतकीय ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ वा चौकात क्रूस उभारले. काही साथ टळावी म्हणून, तर काही ती टळल्याबद्दल कृतज्ञता म्हणून. संध्याकाळी आसपासच्या घरांतील माणसे त्या क्रूसाभोवती जपमाळेची प्रार्थना करत. मिलानमधील चौकातल्या वेदीशी या प्रथेचा प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. पण गरज एकच होती. मोठ्या मंदिरातील मोठा समुदाय दुरावला की श्रद्धा गल्लीच्या आकाराची होते.

त्याच साथीत पुणे येथे पंडिता रमाबाईंनी एक निराळेच कर्तव्य बजावले. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि राज्यकर्तेही ख्रिस्ती होते. तरीही शासनाच्या प्लेग-रुग्णालयात व छावणीत स्त्रियांच्या संरक्षणाची जी हेळसांड होत होती, तिच्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रातून जाहीर टीका केली आणि आपल्या आश्रयाला असलेल्या मुलींना केडगाव येथे हलवले. आजाऱ्याची केवळ सोय करून भागत नाही, त्याची प्रतिष्ठाही राखावी लागते, हा आग्रह त्यामागे होता. येथे हेही नमूद केले पाहिजे की, अशी सेवा ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. याच साथीत पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

शेवटचा निरोप

तिसरा प्रश्न सर्वांत हळवा आहे. ख्रिस्ती परंपरेत मृताचे दफन हे दयेच्या कृत्यांपैकी एक मानले जाते. देहाला मान देऊन, नाव घेऊन आणि प्रार्थना म्हणून त्याला भूमीच्या स्वाधीन करणे हे मंडळीचे काम असते. ईम येथे एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या स्त्रीने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले एकटीने पुरली. शेजारी येऊ शकत नव्हते. मंडळीने स्वीकारलेल्या त्यागाचा सगळ्यात जड वाटा अशा माणसांच्या पदरी येतो, हे विसरता येणार नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, जिने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरावर असाच प्रसंग आला. ऑक्टोबरच्या आरंभी चर्चसह सर्व सभास्थाने बंद करण्यात आली. सहा आठवड्यांत बारा हजारांवर माणसे मेली आणि थडगी खणण्यास माणसे मिळेनात. तेव्हा दोन हजारांहून अधिक धर्मभगिनी मठांचे दरवाजे ओलांडून रुग्णालयांत व घराघरांत शुश्रूषेसाठी गेल्या, आणि धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे तरुण कुदळी-फावडी घेऊन दफनभूमीत उतरले. त्यांच्या विद्यालयाला मिलानच्या चार्ल्स बोरोमिओ यांचेच नाव होते.

कोविड-१९ च्या साथीत हा प्रश्न भारतात पुन्हा उभा राहिला. एप्रिल २०२० मध्ये चेन्नई येथे कोविडने मरण पावलेल्या एका नामांकित ख्रिस्ती मेंदूशल्यविशारदाचे दफन, संसर्गाच्या भयाने जमलेल्या जमावाने होऊ दिले नाही. रुग्णवाहिकेवर दगडफेक झाली. शेवटी एका सहकारी डॉक्टराने रात्री रुग्णालयातील दोन सेवकांच्या मदतीने, हाती फावडे घेऊन, त्यांना मूठमाती दिली. ज्याने आयुष्यभर रोग्यांना हात लावला, त्याच्या पेटीला हात लावण्यास माणसे मिळू नयेत, याने सारा देश हळहळला.

याच वर्षी केरळमधील आलप्पुळा येथील लॅटिन कॅथलिक धर्मप्रांताने या पेचातून एक वाट काढली. समुद्रकाठच्या त्या जिल्ह्यात जमिनीखाली थोड्याच अंतरावर पाणी लागते. त्यामुळे कोविडच्या मृतांसाठी आवश्यक तेवढी खोल कबर खणणे शक्य नव्हते. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला अनुमती दिलेली असली, तरी तेथील समाजात ती रूढ नव्हती. जुलै २०२० मध्ये धर्मप्रांताने ठरवले की, मृतदेहाचे दहन चर्चच्याच दफनभूमीत करावे आणि अस्थी तेथेच विधिपूर्वक पुराव्यात. शतकानुशतकांची रीत बदलली; परंतु माणूस आपल्या वाडवडिलांशेजारीच विसावला. रीतीमागे जो हेतू होता, तो जपण्यासाठी रीत सोडण्याचे हे उदाहरण आहे.

२०२० सालचा अनुभव

२०२० च्या आरंभी एकत्र जमण्याचा धोका नव्याने सिद्ध झाला. १० मार्च रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, एका चर्चच्या सभागृहात एका गायकवृंदाची तालीम झाली. उपस्थित ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना तोंडावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून रोग पसरतो, हे समजून घेण्यास ही घटना साहाय्यभूत ठरली. ज्या धर्मात सामूहिक गायनाला मोठे स्थान आहे, त्याला हे ज्ञान पचवणे सोपे नव्हते. कित्येक ठिकाणी शासकीय निर्बंध झुगारून मेळावे भरवण्यात आले आणि त्यांतून रोग पसरला.

बहुसंख्य चर्चनी मात्र दरवाजे बंद केले. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात, संपूर्ण रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे राहून प्रार्थना केली. त्यांच्यामागे रोममधील एका चर्चमधून आणलेला जुना क्रूस होता. १५२२ च्या प्लेगमध्ये तो शहरातून मिरवण्यात आला होता. त्या वेळी क्रूस लोकांकडे गेला होता. या वेळी लोकांनी तो घरी बसून पडद्यावर पाहिला. १२ एप्रिलचा ईस्टर जगभरातील असंख्य ख्रिस्ती कुटुंबांनी घरीच साजरा केला. भारतातील ख्रिस्ती रुग्णालयांच्या संघटनांनी मार्चमध्येच आपली हजाराहून अधिक रुग्णालये साथीच्या कामासाठी शासनाला देऊ केली. गावोगावच्या मंडळ्यांतून शिधा वाटणे, वृद्धांची औषधे आणून देणे, एकट्या राहणाऱ्यांना रोज दूरध्वनी करणे अशी कामे चालली. तथापि ज्या घरात साधा दूरध्वनीही नव्हता, तेथे पडद्यावरची उपासना पोहोचली नाही. अशा ठिकाणी दाराबाहेर उभे राहून विचारपूस करणारा माणूसच मंडळीचा प्रतिनिधी ठरला.

या अनुभवाने माणसांची श्रद्धा वाढली काय? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२० च्या उन्हाळ्यात चौदा प्रगत देशांत या प्रश्नाची चौकशी केली. अमेरिकेत २८ टक्के लोकांनी आपली श्रद्धा दृढ झाल्याचे सांगितले. परंतु चौदा देशांचे मध्यमान केवळ १० टक्के होते. संकट आले की माणूस आपोआप देवाकडे वळतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. पुष्कळांच्या बाबतीत साथीने श्रद्धा दिली नाही. काहींच्या बाबतीत होती तीही डळमळीत केली.

मात्र वरील उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांना या काळात श्रद्धेचा आधार सापडला, त्यांना तो बहुधा कोणा माणसाच्या रूपाने सापडला. पाणी पाजणारा, खिडकीतून प्रतिसाद देणारा, शिवेवरच्या दगडावर धान्य ठेवून जाणारा, कबर खणणारा असा तो माणूस असे. सिप्रियनने आपल्या लोकांना आयुष्याची हमी दिली नाही, आणि बोरोमिओंनाही ती देता आली नसती. आजारी पडलास तर तुला कोणी टाकणार नाही, आणि मेलास तर तुझे नाव घेऊन तुला निरोप दिला जाईल, एवढेच मंडळी सांगू शकत होती. जेथे तिने हे वचन पाळले, तेथे ते पुरेसे ठरले. जेथे पाळले नाही, तेथे मोठमोठ्या प्रार्थनाही लोकांना पोकळ वाटल्या.

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतील क्रूसांना मे महिन्यात आजही फुलांच्या माळा घालतात. संध्याकाळी गल्लीतील माणसे जमतात, प्रार्थना होते, आणि नंतर उकडलेले चणे वाटले जातात. प्लेग पाहिलेले कोणीही आता हयात नाही. तरी क्रूसाखालच्या दगडावर कोरलेले साल एखादे मूल बोट फिरवून वाचते आणि वडिलांना त्याचा अर्थ विचारते. त्या सालात या गल्लीत काय घडले आणि कोण कोणाच्या उपयोगी पडले, हे सांगण्याची पाळी मग वडिलांवर येते.